डिसेंबरातला कूलर

रोज अमरावतीहून अकोल्याला अप-डाऊन करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपसूक गाडीत येऊन बसतात आणि उतरायचं नाव घेत नाहीत. आमची गाडी म्हणजे लताची गाडी. लता वानखडे आमच्याच ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात आहे, आणि स्टेअरिंग दुसऱ्याच्या हाती देणं तिच्या स्वभावात नाही. तिच्या बाजूला मी, विजया, भूगोलाची. मागे शबाना, केमिस्ट्रीची. शबाना आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, म्हणून मागची सीट आणि आमचे टोमणे दोन्ही तिच्या वाट्याला.

जाताना दोन तास, येताना दोन तास. इतकं तर नवरा-बायकोही एकमेकांशी बोलत नाहीत! त्यामुळे कोणाच्या सुनेनं काय म्हटलं इथपासून कोणाच्या पोटात काय दुखतं इथपर्यंत सगळं गाडीत निघतं. आणि लताचं म्हणणं असं की यातल्या निम्म्याहून जास्त किश्श्यांत येडपट बाई एकच आहे. ती स्टेअरिंगवर नसते आणि मागच्या सीटवरही नसते.

दुसऱ्यांनी मीठ-मसाला लावून सांगण्यापेक्षा मीच सांगते.

*

आता मला सांगा, अकोल्यात मे महिन्यात बाईला घाम आला तर त्याला आजार कोण म्हणेल?

माझी पाळी बंद होऊन वर्ष उलटलं होतं. "सुटलो बाप्पा एकदाचे!" म्हणून मी गाडीत पेढेसुद्धा वाटले होते. आणि मग ते सुरू झालं. छातीतून आगीचा लोळ उठायचा. मान, कान, टाळू, सगळं पेटायचं. ब्लाउज ओलाचिंब व्हायचा आणि मागून थंडी वाजून कापरं भरायचं.

मे महिन्यात मी म्हटलं, ऊन आहे. जूनमध्ये म्हटलं, पाऊस लांबला. ऑगस्टमध्ये हवा दमट होती, ऑक्टोबरात ऑक्टोबर हीट. भूगोलाची बाई ना मी! प्रत्येक महिन्याला माझ्याजवळ शास्त्रीय कारण तयार. डिसेंबरात कारणं संपली.

तेव्हा मी आमच्या यांना म्हटलं, "कूलर काढा."

आमच्याकडे पावसाळा लागला की कूलर जुन्या लुगड्यात गुंडाळून सज्ज्यावर चढतो, तो होळीलाच खाली येतो. हे वीज खात्यात आहेत. बोलणं इतकं मोजकं की शब्दांनाही मीटर बसवलंय असं वाटावं. काही न बोलता ते स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून सज्ज्यावर चढले. समोरचे काका गच्चीत ऊन खात बसले होते.

"काय सर, रिपेरिंग काय?"

"नाही. लावून राहिलो."

"आता?"

"हाव."

काका उठून आत गेले आणि काकूंना बघायला घेऊन आले.

त्याच आठवड्यात यांचे चुलतभाऊ मुक्कामाला आले. सकाळी उठले ते दोन रजया आणि आमची सतरंजी अंगाला गुंडाळूनच. मला म्हणाले, "वहिनी, लोकं एवढ्यासाठी चिखलदऱ्याले जातात, अन् तुमी घरीच सोय केली!"

चहा न घेता गेले. पुन्हा आले नाहीत.

*

इथं सासूबाईंविषयी सांगायला पाहिजे.

सासूबाई आमच्याकडेच असतात. गाव मोर्शीकडचं, संत्र्याचं. त्या गावात त्यांचं नाव आजही हात जोडून घेतात, कारण एके काळी त्यांच्या अंगात यायचं. लग्न होऊन मी नवीनच गेले होते तेव्हा एकदा डोळ्यांनी पाहिलंय. चुलीजवळ बसलेली बाई अचानक उठली, पदर टाकला, केस मोकळे सोडले आणि घामानं निथळत अंगणात धावली. अंग थरथरत होतं. आळीतल्या बायांनी गराडा घातला, हळद-कुंकू झालं, मीही पाया पडले. भीतीनंच पडले! शुक्रवारी नारळ इतके यायचे की आमचे हे आजही खोबऱ्याची चटणी दिसली की ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जातात.

पुढे काही वर्षांत देवी शांत झाली. पण दरारा राहिला.

तर डिसेंबरात मी कूलरसमोर ब्लाउजची वरची हुकं काढून बसले होते, आणि सासूबाई दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "कोनाले सांगू नोको."

मी मनात म्हटलं, मेले! आता मलाही देवी म्हणून पाटावर बसवतात!

त्या दिवसापासून मी या विषयातलं एक अक्षर सासूबाईंना कळू द्यायचं नाही असं ठरवलं. घाम आला की मी बाथरूममध्ये जाऊन बसायचे. सासूबाईंनी यांना विचारलं, "विजूचं पोट बिघडलं काय?"

*

हसण्यावारी नेत होते, पण एक दिवस हसू आलं नाही.

अकरावीच्या वर्गात शिकवत होते. मुलं स्वेटरमध्ये, मी सगळ्या खिडक्या उघडून बसलेली. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, आमाले थंडी वाजून राहिली."

"थंडी मनात असते!" मी म्हटलं.

मग पृथ्वीगोल हातात घेतला, मधल्या रेषेवर बोट ठेवलं आणि तोंड उघडलं. शब्दच येईना. इतकी वर्षं शिकवते आहे मी! झोपेत उठवलं तरी सांगेन असा शब्द. बोट तिथंच, तोंड उघडं.

"हा जो आहे... हा... मधला... पट्टा..."

मागून कोणीतरी मदत केली, "कमरपट्टा, मॅडम?"

वर्ग हसला, मीही हसले. आणि स्टाफरूममध्ये येऊन कपाटामागं उभी राहून रडले. रात्रीची झोप तर कधीचीच गेली होती, आता डोकंही गेलं असं वाटलं. माझ्या मावशीचं असंच झालं होतं, म्हातारपणी ती माणसं ओळखेनाशी झाली होती. त्या दिवशी मी ठरवलं की वर्गात शोभा होण्याआधी नोकरी सोडायची. जी गोष्ट मला येते असं मी आयुष्यभर समजत आले ती एकच होती, शिकवणं. तीही चालली होती.

विषुववृत्त हा शब्द मला मूर्तिजापूरला, परतीच्या वाटेवर आठवला. मी गाडीत जोरात ओरडले, "विषुववृत्त!"

लतानं घाबरून ब्रेक मारला.

*

मूर्तिजापूरला आमचा चहा ठरलेला. त्या दिवशी वर्गातलं सगळं दोघींना सांगत मी कपाला ओठ लावला आणि चहावाल्यावर खेकसले, "इतका गरम काहून हाय चहा?"

तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, थंडा करून देऊ?"

"तुमाले अक्कल नाही काय? माणसानं प्यायचा आहे, बैलाले डागायचं नाही!"

लतानं माझ्या हातातून कप काढून घेतला, त्याचे पैसे देऊन मला गाडीत ढकललं आणि म्हणाली, "विजू, तुह्या डोक्याले काही नाही झालं. तुही पाळी गेली न, तिचं हे सारं. गर्मी, झोप, चिडचिड, इसरनं. मले सारं झालं होतं."

"तुले कधी? तू तर लय शांत आहेस."

"गोळी खातो न मी. हार्मोनची. पिशवी काढली तवापासून."

लताची गर्भपिशवी काढली होती हे आम्हाला माहीत होतं. आमच्याकडे पन्नाशीच्या बायांच्या घोळक्यात गेलं की, "तुमची आहे का काढली?" हे घड्याळातली वेळ विचारल्यासारखं विचारतात. पण ती गोळी खाते हे आम्हाला नवीन होतं. मला इतका राग आला! चार तास गाडीत बसून ही बाई स्वतःच्या जावेच्या भावाचं लफडं सांगते आणि ही कामाची गोष्ट लपवते!

*

आता यापुढचं नीट ऐका, कारण ही चूक फक्त आमच्या गाडीतच होऊ शकते.

आमच्या गाडीत स्वतःचा डबा कोणी खात नाही. माझी भाजी लता खाते, लताचा ठेचा शबाना खाते, शबानाचा पुलाव मी खाते. हा नियम आहे, आणि तो मोडला तर राग येतो. तर दुसऱ्या दिवशी लतानं पर्समधून गोळ्यांची एक पट्टी काढून माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवली. आणि मी घेतली. लोणच्याची फोड घ्यावी तशी!

मोठी बहीण म्हणून मला बाजी म्हणणारी शबाना मागून ओरडली, "बाजी, ये दवाई है, अचार नहीं! डॉक्टरला विचारा आधी."

"लताले सूट झाली, मले काहून नाही होणार? आमी एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या."

"वजनाचं खोटं हाय," लता म्हणाली.

गोळी सुरू झाली. आणि काय सांगू! पंधरवड्यात मी बाई माणसात आले. झोप लागली. कूलर पुन्हा लुगड्यात गेला. हे कानटोपी काढून झोपले. वर्गात शब्द धाडधाड यायला लागले. मी स्टाफरूममध्ये प्रवचनच लावलं. "हार्मोन म्हणजे काय माहीत आहे का? शरीराचा मान्सून! तो गेला की दुष्काळ!" पुरुष स्टाफ बाहेर जाऊन उभा राहायचा. लता नवी पट्टी आणायची, अर्धी मला द्यायची. शबाना दर दोन दिवसांनी, "बाजी, डॉक्टर," म्हणायची आणि मी तिला मागच्या सीटवर गप्प बसायला सांगायची.

*

कॉलेजच्या गॅदरिंगच्या दिवशी मी नव्या साडीत होते. बाथरूमला गेले आणि बघते तर काय, रक्त.

मला काय वाटलं सांगू? आनंद झाला! शप्पथ! मी लताच्या टेबलापाशी गेले आणि कानात म्हटलं, "लता, मी पुन्हा जवान झालो वो! आली!"

मला वाटलं लता हसेल. लताचा चेहरा पांढराफटक पडला. आणि शेजारी उभ्या असलेल्या शबानानं सरळ माझा दंड धरला. "बाजी, बंद झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी डॉक्टरकडे जायचं असतं. चला. आत्ता."

अमरावतीला जिच्याकडे गेलो ती डॉक्टर प्राची. माझीच विद्यार्थिनी! अकरावीत हिला मी खिडकीशी उभं केलं होतं. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि अगदी माझ्याच आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही आम्हाला शेजारचीचं उत्तर बघूसुद्धा देत नव्हत्या. आणि स्वतः अख्खी गोळी कॉपी केली?"

मी मान खाली घातली. लतानंही घातली.

"दोघींचा पेपरच वेगळा आहे," प्राची म्हणाली. "लताकाकूंना पिशवी नाही, म्हणून त्यांना एकटं इस्ट्रोजेन चालतं. तुम्हाला पिशवी आहे. आता सांगा, वावराला नुसतं ओलित दिलं आणि निंदण केलंच नाही तर काय होतं?"

"तण माजतं."

"तेच. इस्ट्रोजेननं पिशवीचं अस्तर वाढत जातं. ते आवरायला सोबत दुसरं हार्मोन लागतं, प्रोजेस्टेरॉन. ते तुम्ही घेतलंच नाही."

"अन् माह्यं?" लतानं बारीक आवाजात विचारलं.

"तुमचं वावरच नाही ना काकू, निंदायचं काय? पण तुम्हीही इतक्या वर्षांत तपासणी केलेली दिसत नाही. ती करून घ्या."

सोनोग्राफी झाली. अस्तर जाड निघालं. प्राचीनं हसणं थांबवलं. आतला तुकडा काढून तपासायला पाठवला आणि सांगितलं, "बहुतेक गोळीमुळेच असेल. पण रिपोर्ट येईपर्यंत मी बहुतेकच म्हणणार, मॅडम."

कॅन्सर हा शब्द तिनं एकदाच उच्चारला. मला तो पुढे सगळे दिवस ऐकू येत होता.

*

रिपोर्टची वाट बघत होतो त्या दिवसांत गाडीत पहिल्यांदा कोणी बोलेना. बोरगाव मंजूच्या अलीकडे लतानं गाडी कडेला घेतली आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. "माह्या हातानं देल्ली वो मी तुले. माह्या हातानं."

"मी तोंड उघडलं नसतं तर तू काय कोंबणार होतीस?" मी म्हटलं आणि मीही रडायला लागले. मला मरायची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. लेक पुण्यात, तिचं लग्न व्हायचं होतं. यांना साध्या वरणाला फोडणी देता येत नाही. आणि ज्या नोकरीला मी लाथ मारायला निघाले होते, त्या वर्गात आता उभं राहायला मिळेल की नाही असं झालं होतं.

लताला गाडी चालवता येईना. मला येतच नाही. तेव्हा शबाना म्हणाली, "मैं चलाती हूँ." तिनं लायसन्स काढल्यापासून हायवेवर चाक घातलं नव्हतं. तिनं आरसे पुसले, सीट पुढे घेतली, बिस्मिल्ला केलं आणि गाडी अशी काही चालवली की संत्र्यांनी भरलेला एक ट्रॅक्टर आम्हाला ओव्हरटेक करून गेला. ट्रॅक्टरवाल्यानं वळून आमच्याकडे बघितलं. मागच्या सीटवर दोन म्हाताऱ्या गळ्यात गळा घालून रडताहेत आणि पुढे एक बाई स्टेअरिंगला चिकटून बसली आहे!

त्यानं हात जोडले. त्याला वाटलं, आम्ही मयतीला चाललो.

आम्ही तिघी जे हसत सुटलो, ते पहिला पीरियड बुडेपर्यंत!

*

घरी हे काही बोलत नव्हते. रिपोर्टचं विचारत नव्हते, दवाखान्याचं नाव काढत नव्हते. मला राग यायचा. माणसानं दोन शब्द तरी बोलावे!

एक दिवस संध्याकाळी घरी आले तर अंगणात कूलर उघडा पडलेला. हे खाली बसून त्याच्या जाळ्यांत नवीन वाळा भरत होते. होळीला वेळ होता. मला तर गोळी बंद केल्यावर पुन्हा घाम सुटायला लागला होता, पण तोंडानं मी काही मागितलं नव्हतं.

"आतापासून कशाला?" मी विचारलं.

यांनी वर बघितलं नाही. "उन्हाळ्यात लागन न."

"कोणाला?"

"तुले. अजून कोनाले?"

मी तिथंच पायरीवर बसले. वाळ्याचा वास येत होता. त्यांचे हात सारखे सारखे त्याच कोपऱ्यात वाळा दाबत होते. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं मला याहून मोठं काही म्हटलेलं नाही.

*

रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नव्हता. तण होतं, पण साधं.

लतानं प्राचीच्या दवाखान्यातच पेढे वाटले. वेटिंगमधल्या बायांना वाटलं नातू झाला. एकीनं विचारलंही, "कोनाले झाला?" लतानं माझ्याकडे बोट दाखवलं.

औषधानं अस्तर जागेवर आलं, आणि मग मी खाली मान घालून विचारलं, "आता मला ते हार्मोन जन्मात नाही ना मिळणार?"

"का नाही?" प्राची म्हणाली. "पण माझ्या हातानं."

तिनं सगळं विचारलं. घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर? पायात, फुफ्फुसात कधी रक्ताची गाठ? हार्टचं, लिव्हरचं काही? बीपी बघितलं, छातीचा मॅमोग्राम केला, रक्त तपासलं. यातलं काही निघालं असतं तर दिलं नसतं, दुसरे उपाय आहेत म्हणाली. धोका लपवला नाही. दोन्ही हार्मोन वर्षानुवर्षं घेतली तर स्तनाच्या कॅन्सरची शक्यता थोडी वाढते, दर वर्षी तपासणी चुकवायची नाही. पण पाळी जाऊन फार वर्षं झालेली नाहीत, साठीच्या आत आहात, त्रास खूप आहे, तर तुमच्या बाबतीत फायद्याचं पारडं जड आहे. आणि मावशीचं भय डोक्यातून काढा, शब्द अडकणं म्हणजे डोकं जाणं नाही.

हे सोबत होते. प्राचीनं विचारलं, "सर, तुम्हाला काही शंका?"

हे म्हणाले, "लोड कमीत कमी ठेव. लो व्होल्टेजवर चालत असन तं हाय नोको देऊ."

"सर, आमच्या पुस्तकात हेच चार पानं लिहिलंय," प्राची म्हणाली.

रोज दंडावर लावायचं जेल आणि झोपताना एक कॅप्सूल. एकच ताकीद. जेल वाळेपर्यंत त्या हाताला दुसऱ्या कोणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, नाहीतर औषध त्यांच्या अंगात जातं. यांनी हे इतकं मनावर घेतलं की मी जेल लावलं की हे थेट अंगणात. म्हणतात, "लाईन चालू हाय. सप्लाय बंद झाला का सांग."

नोकरी सोडायचं मी पुन्हा बोलले नाही. लता मात्र अजूनही मूर्तिजापूर आलं की विचारते, "मधल्या पट्ट्याले काय म्हनते वो?"

*

आणि आता तो शुक्रवार.

कॉलेजला सुट्टी होती. न्हाऊन केस मोकळे सोडून मी ओसरीवर खुर्चीत बसले होते. नुकतंच जेल लावलेलं. बाही वर केलेली, उजवा हात बाजूला ताठ धरलेला, उन्हानं डोळे मिटलेले. फाटक वाजलं. डोळे किलकिले करून बघते तर सासूबाईंच्या गावच्या दोन बाया. एकीच्या हातात नारळ, दुसरीच्या हातात हळद-कुंकवाचं ताट. समोरच्या काकूंचं माहेर त्याच गावचं. डिसेंबरातला कूलर, घाम, थरथर, सगळं गावात पोचलं होतं.

दोघी जागीच थबकल्या.

"माय वो! बसलीच आहे!"

आणि एक सरळ पुढे आली, कुंकू लावायला माझ्या हाताकडेच. मी किंचाळले, "हात लावू नका! हात लावू नका मले!"

"सोवळ्याची हाय वो!" म्हणत दोघींनी ओसरीवर लोटांगण घातलं.

हात खाली करता येईना, उठता येईना. आणि तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. ज्या क्षणाला मी डिसेंबरपासून भीत होते तो आला! गावच्या बाया, शुक्रवार, नारळ, सगळा सरंजाम तयार. आता फक्त पाट मांडायचा होता.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्या दोघींकडे. म्हणाल्या, "उठा. हिच्या आंगात काही येत नाही."

"पर आजी, ते कापत होती म्हनते, घाम..."

"पाळी गेली तिची. दवाई सुरू हाय. हातावर दवाई लावली हाय तिनं, वाळू द्या. चहा घ्या अन् जा."

मला विश्वास बसेना. सासूबाईंना सगळं माहीत होतं! बाया चहा पिऊन, जराशा नाराज होऊनच गेल्या. नारळ मात्र ओसरीच्या भिंतीतल्या देवळीत ठेवून गेल्या. आणलेला परत कसा न्यायचा म्हणून.

सासूबाई माझ्याजवळ पायरीवर बसल्या. जेलची ट्यूब उचलली, उलटीसुलटी करून बघितली.

"हे लावलं का गर्मी नाही होत?"

"नाही होत, आई."

"थे आगीचा लोय उठते, इथून, छातीपासून. थो बी नाही?"

"नाही."

"कापरं?"

"नाही भरत."

ट्यूब त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी फाटकाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मंग तवा हे असतं तं माही देवी बी नसती आली."

"आई... म्हणजे तुम्हाला तेव्हा..."

"मले का मालूम काय होतं थे? चुलीम्होरं बसलं का आंग पेटे. सहन नाही झालं का पदर टाकून आंगनात धावत जात होती मी. लोकं म्हनत, देवी आली." त्यांनी ट्यूबचं झाकण घट्ट लावलं. "माही सासू मले रोज टाकून बोले. कुत्र्याले बोलत नाही तसं. त्या दिवशी थे माह्या पाया पडली, विजू. मंग मी कायले नाही म्हनू?"

माझा हात कधीचा वाळला होता. तो खाली घ्यायचंही मला सुचलं नाही.

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, ट्यूब माझ्या हातात दिली आणि आत जाता जाता देवळीतल्या नारळाकडे बोट केलं.

"फोड थो नारय. चटनी कर. अन् मिरची बेतानं टाक, तुले सोसत नाही."